गल्ल्यावर मागितलेला ओटीपी

गेल्या दिवाळीच्या आधीच्या शनिवारी माझी मावशी मुलुंडमधल्या एका मोठ्या दुकानात प्रेशर कुकर आणि दोन चादरी घेण्यासाठी गेली होती. बिल झाले चार हजार दोनशे रुपये. पैसे देण्यासाठी तिने पर्स उघडली तेव्हा गल्ल्याशेजारी टॅब घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली, "काकू, आमचं कार्ड घेतलंत तर आत्ताच पाचशे रुपये कमी होतील. दोन मिनिटांचं काम आहे." मावशी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, हिशेबाला पक्की. पण मागे दहा-बारा माणसे ट्रॉल्या घेऊन खोळंबली होती. तिने पॅन क्रमांक सांगितला, आधार क्रमांक सांगितला आणि मोबाइलवर एकामागून एक आलेले तीन ओटीपी वाचून दाखवले. पाचशे रुपये खरोखरच कमी झाले. आपण कर्जाच्या अर्जावर सही करून आलो आहोत, हे तिला तीन महिन्यांनी कळले.

हा लेख त्या दोन मिनिटांविषयी आहे. त्या वेळात नेमके काय विकले जाते, त्याचा फायदा कोणाला होतो आणि कायदा त्याकडे कसे पाहतो, हे समजले तर गल्ल्यावर उभे असताना उत्तर देणे पुष्कळ सोपे जाते.

पहिली गोष्ट ही की, कार्डावर दुकानाचे नाव आणि रंग कितीही ठळक असले तरी ते कार्ड दुकानाचे नसते. भारतात क्रेडिट कार्ड देण्याचा अधिकार बँकांना आणि रिझर्व्ह बँकेने त्यासाठी खास परवानगी दिलेल्या मोजक्या वित्तीय कंपन्यांना आहे. दुकान हा त्या व्यवहारातला भागीदार असतो, आणि अशा कार्डाला को-ब्रँडेड कार्ड म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आणि १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार भागीदाराचे काम कार्डाची जाहिरात व वितरण करण्यापुरते आणि आपला माल किंवा सेवा ग्राहकाला उपलब्ध करून देण्यापुरते मर्यादित आहे. कार्डावरच्या व्यवहारांची माहिती त्याला पाहता येत नाही. हे कार्ड आपलेच उत्पादन असल्यासारखी जाहिरात त्याने करू नये आणि प्रत्येक जाहिरातीत कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव स्पष्ट दिसावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे "आमचं कार्ड" या दोन शब्दांतच पहिली गफलत होती. मावशीला बँकेचे नाव कोणी सांगितले नव्हते, आणि तिनेही ते विचारले नव्हते. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडची दुकानांची कार्डे पाहिली असतील. त्यांतली बरीचशी केवळ त्याच दुकानात चालतात, त्यामुळे ती उधारी आहे हे निदान लक्षात तरी राहते. आपल्याकडचे को-ब्रँडेड कार्ड बहुधा सगळीकडे चालते, आणि म्हणूनच त्यावरचा खर्च त्या एका दुकानापुरता थांबत नाही.

दुकानाने गिऱ्हाइकाला उधार देणे मुंबईला नवे नाही. आज जिथे मॉल उभे आहेत त्या लालबाग-परळच्या गिरणगावात कामगारांच्या घरचे महिन्याचे वाणसामान वहीवर लिहून येत असे आणि पगार झाला की वही चुकती होत असे. पण ती उधारी वाण्याच्या स्वतःच्या पैशांची असे. गिऱ्हाइकाने आपल्या ऐपतीबाहेर माल नेला तर नुकसान वाण्याचे होते, म्हणून तो स्वतःच हात आखडता घेई. आजच्या व्यवस्थेत दुकानाला मालाचे पैसे बँकेकडून लगेच मिळतात, कार्ड खपवल्याचा मोबदला वेगळा मिळतो, आणि उधारी वसूल करण्याचे काम तिसऱ्याच कोणाकडे जाते. गिऱ्हाइकाला ही उधारी झेपेल का, असा प्रश्न विचारणारे गल्ल्यावर कोणी उरलेले नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे.

टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलीलाही यात दोष देता येत नाही. असे कर्मचारी पुष्कळदा दुकानाचे नसून बँकेने नेमलेल्या एजन्सीचे असतात. दिवसाला इतके अर्ज, महिन्याला इतकी कार्डे असे टार्गेट त्यांच्यामागे लागलेले असते आणि पगाराचा काही भाग त्यावर अवलंबून असतो. गल्ल्यावर बसलेल्या कॅशियरलाही अनेक ठिकाणी प्रत्येक बिलामागे सदस्यत्व विचारले की नाही, जादा वस्तू सुचवली की नाही, याचा हिशेब द्यावा लागतो. त्यांच्याशी आवाज चढवून बोलल्याने टार्गेट ठरवणाऱ्याला काहीच पोचत नाही.

गल्ल्यावरच का?

कार्ड विकण्यासाठी कपड्यांचे दालन किंवा दुकानाचे प्रवेशद्वार न निवडता गल्लाच निवडला जातो, कारण तिथे पोचेपर्यंत माणसाने खरेदीचा निर्णय घेतलेला असतो. त्याचा हात पाकिटाकडे गेलेला असतो. चार हजारांच्या बिलापुढे दोनशे-चारशे रुपये किरकोळ वाटतात. मागे रांग असते, आणि आपल्यामुळे लोकांचा खोळंबा होतोय या संकोचाने माणूस प्रश्न विचारत नाही. लोकल गाठण्याच्या घाईत आयुष्य काढलेल्या मुंबईकराला रांग अडवून ठेवणे फार मोठा अपराध वाटतो. "नाही" म्हटले की समोरून आणखी दोन कारणे येतात, "हो" म्हटले की विषय संपतो.

हा केवळ मनाचा खेळ नाही, त्याची दखल न्यायसंस्थेनेही घेतली आहे. एका मोठ्या साखळी दुकानाने ग्राहकांकडून कापडी पिशवीचे पैसे घेतल्याच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये निकाल दिला. पिशवीचे पैसे पडतील हे ग्राहकाला त्या दुकानात खरेदी करायचे ठरवण्यापूर्वीच कळायला हवे. वस्तू निवडून झाल्यावर, पैसे देण्याच्या वेळी ते सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आयोगाने म्हटले. रक्कम काही रुपयांचीच होती, परंतु आयोगाने रकमेपेक्षा वेळेला महत्त्व दिले. वस्तू निवडून झालेला ग्राहक गल्ल्यावर मोकळेपणाने निर्णय घेऊ शकत नाही, हे त्यातून मान्य झाले. पिशवीच्या बाबतीत जे खरे आहे ते वर्षाला बेचाळीस टक्के व्याजाच्या कर्जाच्या बाबतीत कितीतरी अधिक खरे आहे.

संमती म्हणजे काय

कार्डाविषयीचे बहुतेक नियम संमती या एका शब्दाभोवती फिरतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. संमती स्पष्ट असावी लागते, ती गृहीत धरता येत नाही, आणि कार्डासोबत गळ्यात घातल्या जाणाऱ्या विम्यासारख्या सेवांनाही हाच नियम लागू आहे. स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देऊन किंवा चालू करून बिल पाठवले, तर बँकेने ती आकारणी ताबडतोब रद्द करायची असते आणि रद्द केलेल्या रकमेच्या दुप्पट दंड त्या व्यक्तीला द्यायचा असतो. कार्ड दिल्यापासून तीस दिवसांत ते चालू झाले नाही तर बँकेने ओटीपीद्वारे पुन्हा संमती मागायची असते. ती मिळाली नाही तर संमती मागितल्यापासून सात कामकाजी दिवसांत खाते विनाशुल्क बंद करायचे असते.

हे नियम चांगले आहेत. तरीही मावशीला त्यांचा आधार मिळाला नाही, कारण डिजिटल व्यवहारात ओटीपी हीच स्पष्ट संमती मानली जाते. आलेल्या तीन संदेशांपैकी एक मोबाइल क्रमांक पडताळण्यासाठी होता, दुसरा आधारावरून ओळख पटवण्यासाठी, आणि तिसरा अर्जाच्या अटी मान्य असल्याचे सांगण्यासाठी. तिच्या दृष्टीने ते तीन आकडे पाचशे रुपयांची सूट मिळवण्याचे टप्पे होते. कागदोपत्री मात्र तिने अटी वाचून मान्य केल्या होत्या. पूर्वी बँकेत कर्ज काढताना पंधरा ठिकाणी सह्या कराव्या लागत आणि त्या करताना निदान हात तरी थबकत असे. सहा आकडे वाचून दाखवताना तसे काही होत नाही. म्हणून ओटीपी आला की आधी त्या संदेशातली आकड्यांबाहेरची ओळ वाचावी. तो कोणी पाठवला आहे आणि कशासाठी, हे बहुधा त्यात लिहिलेले असते. आणि तो दुसऱ्याला वाचून दाखवू नये, टॅब हातात घेऊन स्वतः भरावा. ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बँका रात्रंदिवस बजावत असताना त्यांच्याच कार्डाच्या विक्रीत तो तोंडी मागितला जातो, ही गोष्ट मला अतिशय खटकते.

अर्जासोबत बँकेने मुख्य तथ्यांचे एक पानी पत्रक द्यायचे असते. त्यात व्याजाचा दर, वार्षिक शुल्क आणि इतर आकारणी असते. अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. मुंबईत ते पत्रक मराठीतून मागणे यात वावगे काहीच नाही. मावशीचे पत्रक ईमेलने गेले होते, पण घाईत त्या मुलीने ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर चुकीचे टाइप केले होते, त्यामुळे ते तिला कधी मिळालेच नाही.

पाचशे रुपयांचा हिशेब

सूट मिळण्यासाठी पहिली खरेदी कार्डावरच करायची होती, त्यामुळे मोबाइलवर आलेल्या कार्ड क्रमांकाने बिल भरले गेले आणि त्याच क्षणी कार्ड चालूही झाले. तीस दिवसांच्या नियमाचा प्रश्नच उरला नाही. पहिल्या महिन्याचे बिल मावशीने संदेश पाहून वेळेवर भरले आणि कार्ड कपाटात ठेवून दिले. त्यानंतर वार्षिक शुल्काचे ४९९ रुपये आणि त्यावरचा अठरा टक्के जीएसटी मिळून ५८९ रुपयांची आकारणी झाली. जाहिरातींच्या गर्दीत तो संदेश तिच्या नजरेतून सुटला, तपशीलवार बिल चुकीच्या पत्त्यावर जात राहिले, आणि विलंब शुल्काची भर पडल्यावर वसुलीचा फोन आला. पाचशेची सूट तोपर्यंत केव्हाच संपली होती.

तरीही मावशीचे नुकसान छोटेच म्हणायचे. खरा खर्च सुरू होतो तो बिल पूर्ण न भरण्याने. दरमहा साडेतीन टक्के हा दर कानाला लहान वाटतो, पण वर्षाचा हिशेब केला तर तो बेचाळीस टक्के होतो. समजा, बिल वीस हजारांचे आहे आणि तुम्ही किमान देय रक्कम म्हणून एक हजार भरले. उरलेल्या एकोणीस हजारांवर महिन्याचे व्याज ६६५ रुपये आणि त्या व्याजावर जीएसटी सुमारे १२० रुपये. म्हणजे ७८५ रुपये पुन्हा चढले आणि हजार रुपये भरून कर्ज उतरले ते जेमतेम २१५ रुपयांनी. हा हिशेबही सौम्य आहे. थकबाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते आणि त्या काळातल्या नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावरील तीस टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज अनुचित व्यापारी प्रथा ठरवले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्या मर्यादेचा आधार आता राहिलेला नाही.

आणखी एक खर्च डोळ्यांना दिसत नाही. कार्डासाठी अर्ज केला की बँक सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे आपली चौकशी करते आणि त्या चौकशीची नोंद आपल्या अहवालात होते. नवे कार्ड चालू होण्यापूर्वी त्या खात्याची माहिती पतमाहिती कंपनीला कळवू नये, असा नियम आहे, पण अर्जाच्या वेळची चौकशी त्याआधीच झालेली असते. एका सणाच्या हंगामात तीन दुकानांत तीन कार्डांसाठी अर्ज केले तर कर्जासाठी वणवण चालली आहे असा त्याचा अर्थ लावला जातो आणि ३०० ते ९०० या पट्टीवरचा पतगुणांक घसरू शकतो. मुंबईत ज्यांना वर्षा-दोन वर्षांत घरासाठी कर्ज काढायचे आहे, त्यांनी तरी पाचशे रुपयांसाठी हा धोका पत्करू नये. गृहकर्जाच्या व्याजात पाव टक्क्याचा फरक पडला तरी वीस वर्षांत ती रक्कम लाखांत जाते.

गल्ल्यावरची इतर भर

कार्डाखेरीज गल्ल्यावर बरेच काही पुढे केले जाते. मोबाइल क्रमांक त्यांतला सर्वांत साधा. क्रमांक दिल्याशिवाय बिल निघत नाही, असे सांगितले जाते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सूचना दिली की, ग्राहकाच्या संमतीशिवाय मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. "नंबर द्यायचा नाही, कागदी बिल द्या" एवढे शांतपणे म्हटले की पुरते. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची अट घालणे, मग ते सदस्यत्व असो वा विमा, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथेत मोडते. बिलात आपोआप जोडलेली देणगी काढून टाकायला सांगावी. द्यायची असेल तर आपल्या ओळखीच्या संस्थेला स्वतः द्यावी.

विद्युत उपकरणांच्या दुकानांत वाढीव वॉरंटी आणि नो-कॉस्ट ईएमआय या दोन गोष्टी पुढे येतात. वाढीव वॉरंटी कंपनीच्या मूळ वॉरंटीनंतर सुरू होते, म्हणजे आज दिलेल्या पैशांचा उपयोग झालाच तर वर्षा-दोन वर्षांनी होणार. ती उत्पादकाची आहे की दुसऱ्याच कंपनीची, आणि तिच्यातून कोणते भाग वगळले आहेत, एवढे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ती घेऊ नये. नो-कॉस्ट ईएमआयविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. बहुतेक योजनांत बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम किमतीतून सवलत म्हणून वजा केली जाते. व्याज दीड हजार रुपये असेल तर त्यावरचा २७० रुपये जीएसटी मात्र आपल्याला भरावा लागतो. त्यात १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर मिळवला की पाचशेहून थोडी अधिक रक्कम होते. शिवाय रोख देणाऱ्याला मिळू शकणारी सूट हातची जाते ती वेगळीच.

ऑनलाइन खरेदीत हेच डाव पडद्यावर खेळले जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या रचनांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणे या प्रकारांचा त्यांत समावेश आहे. गल्ल्यावर उभे राहून पाहिले तर या तिन्ही प्रकारांची ओळख पटते.

कार्ड घेतले गेलेच असेल तर

को-ब्रँडेड कार्ड वाईटच असते असे मी म्हणणार नाही. एखाद्या दुकानात महिन्याचे किराणा सामान नेमाने घेणाऱ्या आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्या कुटुंबाला त्यातून खरा फायदा होऊ शकतो. फक्त ते ठरवण्याची जागा गल्ला नव्हे. "पत्रक द्या, घरी वाचून अर्ज करेन" असे म्हणावे. सूट फक्त आजच मिळेल, असे उत्तर आले तर सूट सोडून द्यावी. "लाइफटाइम फ्री" म्हटले असेल तर ते पत्रकात लिहिलेले दाखवायला सांगावे, कारण मोफत म्हणून दिलेल्या कार्डात छुपे शुल्क असू नये, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

नको असलेले कार्ड नुसते कापून टाकल्याने खाते बंद होत नाही. आधी सर्व देणी फेडावीत आणि मग बंद करण्याची विनंती बँकेच्या ॲपवरून, ईमेलने किंवा हेल्पलाइनवर नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. अर्ज टपालानेच पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करावी लागते, आणि बाकी काही देणे नसताना उशीर झाला तर खाते बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. तक्रार असेल तर प्रथम बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. दुकानाविरुद्ध तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते. कोणत्या दाराशी जावे हे कळत नसेल तर १९७५ पासून या शहरात काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडे विचारणा करावी.

मावशीच्या बाबतीत आम्ही ईमेलचा चुकलेला पत्ता बँकेला लेखी दाखवून दिला. विलंब शुल्क माफ झाले, वार्षिक शुल्क तिने भरले आणि सहाव्या कामकाजी दिवशी खाते बंद झाल्याचा संदेश आला. दर कॅलेंडर वर्षात प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. दोन महिन्यांनी तो मागवला तेव्हा कार्डाच्या नोंदीपुढे "बंद" असे लिहिलेले होते आणि थकबाकी शून्य होती. तिने त्या पानाची प्रत काढून कुकरच्या बिलासोबत फाइलमध्ये लावली.